एका लिनक्स बॉक्सवर हजारभर आयपींना वेगवेगळं स्पीड लिमिट कसं लावायचं

खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगावची उपनगरं, कुठंही बघा, गावातलं इंटरनेट म्हणजे बऱ्याचदा एक केबलवाला किंवा छोटा ऑपरेटर, त्याची बेळगावातनं आलेली एक फायबर लाईन आणि मागं लिनक्स टाकलेला एखादा डेस्कटॉप नाहीतर मायक्रोटिक कंपनीचा राउटर. ग्राहक शंभर असेपर्यंत सगळं छान चालतंय. पाचशेच्या वर गेले की रात्री आठ-नऊला फोन सुरू होतात, नेट हळू झालंय म्हणून, आणि ऑपरेटर ग्राफ बघतो तर लाईन भरलेलीच नसते. मग तो अजून लाईन विकत घेतो, पैसे जातात, तक्रार तशीच राहते.

असं झालं की आधी बॉक्सवर टॉप ही कमांड चालवा आणि १ दाबा, म्हणजे प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. चारपैकी एक कोअर १०० टक्क्यांवर, तोही सगळा एसआय या कॉलममध्ये (पॅकेटांच्या कामात गेलेला वेळ), वरती केसॉफ्टआयआरक्यूडी नावाची प्रोसेस आणि बाकीचे तीन कोअर निवांत, असं चित्र दिसलं तर बहुतेक वेळा दोष लाईनचा नसून तुमच्या लिमिट लावायच्या पद्धतीचा असतो. स्पीड बांधणं हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जड काम नाहीच, जड आहे ते हे पॅकेट कुणाचं हे शोधणं, आणि ते शोधणं स्वस्त केलं की तोच जुना डेस्कटॉप हजार ग्राहक आरामात ओढतो. हा लेख त्याच्यासाठीच आहे.

अडतंय कुठं

बहुतेक जण टीसी (लिनक्सची ट्रॅफिक बांधायची कमांड) आणि एचटीबी (तिच्यातली क्लासच्या झाडानं लिमिट लावायची पद्धत) वापरून प्रत्येक आयपीला एक क्लास, म्हणजे स्वतःच्या लिमिटचा कप्पा, करतात आणि प्रत्येक क्लासला एक यू३२ फिल्टर, म्हणजे पॅकेट ओळखायचा नियम, लावतात. दिसायला सरळ आहे, पण हे फिल्टर एकाखाली एक असे लागतात आणि पॅकेट आलं की कर्नल पहिल्यापासून एकेक तपासत जातो. रेशन दुकानात हजार कार्डांची वही पहिल्या पानापासून वाचत बसल्यासारखं, ज्याचं नाव शेवटी त्याची कायम बोंब. हिशेब करून बघा की, १ गिगाबिटची लाईन मोठ्या पॅकेटांनी पूर्ण भरली तर सेकंदाला साधारण ८१,००० पॅकेटं होतात, प्रत्येकाला सरासरी ५०० फिल्टर तपासायचे म्हटलं तर सेकंदाला चार कोटी तुलना झाल्या, आणि हे फक्त एका दिशेचं. गेम, व्हॉट्सॲप कॉल अशी लहान पॅकेटं आली की आकडा अजून कितीतरी वर जातो.

म्हणून पॅकेटचा आयपी बघून एका उडीत क्लास सापडला पाहिजे. जुनी पद्धत यू३२ च्या हॅश टेबलची (पत्त्यावरनं थेट कप्पा सापडणारी यादी), ती पुढं सांगतो कारण जुन्या कर्नलवाल्यांना तीच लागते, पण आज नवीन सेटअप करत असाल तर एनएफटेबल्सचा (लिनक्सची नवी फायरवॉल) मॅप वापरा, माझं स्पष्ट मत.

आधी आयपीचा आणि क्लासचा हिशेब

समजा तुमची रेंज १०.२०.०.०/२२ आहे, म्हणजे १०२४ पत्ते, शेवटचा १०.२०.३.२५५. एचटीबीमध्ये क्लासचा नंबर हेक्साडेसिमलमध्ये असतो आणि १६ बिटचा असतो, म्हणजे आयपीचे शेवटचे दोन आकडे जसेच्या तसे क्लास नंबर म्हणून वापरता येतात. १०.२०.१.१२३ घ्या, १२३ चं हेक्स ७बी, तिसरा आकडा १, म्हणून क्लास १:१७बी. १०.२०.३.२० चा क्लास १:३१४. यामुळे रात्री फोन आला की आयपी बघून क्लास लगेच काढता येतो, वेगळी यादी शोधावी लागत नाही.

अशा हिशेबात १:१ हा नंबर १०.२०.०.१ ला जातो, म्हणून मुख्य पेरेंट क्लासला १:१ देऊ नका, लांबचा एखादा द्या, मी १:एफ००० देतो आणि डिफॉल्टसाठी १:एफ०एफएफ. नंबर एकमेकांवर आले की टीसी एरर देतं किंवा भलत्याच क्लासवर बदल होतो आणि शोधायला फार त्रास होतो.

एचटीबीचं झाड

लॅनच्या, म्हणजे ग्राहकांकडच्या, कार्डावर रूटला (झाडाच्या मुळाशी) एचटीबी लावा, हँडल (ओळख नंबर) १: आणि डिफॉल्ट एफ०एफएफ. त्याच्याखाली पेरेंट क्लास १:एफ०००, त्याचा रेट (हमी) आणि सील (कमाल) दोन्ही ९४० एमबिट, लाईन १००० ची असली तरी. हे मुद्दाम कमी ठेवायचं, कारण गर्दी झाली की रांग आपल्याच बॉक्समध्ये लागली पाहिजे, तरच आपलं म्हणणं चालतं. रांग वरच्या प्रोव्हायडरच्या राउटरमध्ये लागली की तिथं कुणाचं पॅकेट टाकायचं ते तो ठरवतो.

एकक लिहिताना मात्र नीट बघा. टीसीमध्ये एमबिट म्हणजे मेगाबिट, पण एमबीपीएस लिहिलं तर तो मेगाबाईट समजतो, म्हणजे आठ पट. ५० चा प्लॅन घेतलेल्याला ४०० मिळायला लागतं आणि तो काय फोन करून सांगणार नाही.

आता प्रत्येक ग्राहकाचा क्लास. इथं दोन आकडे असतात, रेट म्हणजे हमी आणि सील म्हणजे कमाल. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, कारण लोक ५० च्या प्लॅनला रेटही ५० आणि सीलही ५० लावतात. एचटीबीमध्ये क्लास आपल्या रेटच्या आत असेल तर त्याला पेरेंटची परवानगी लागतच नाही, तो सरळ पाठवतो. हजार जणांना ५०-५० ची हमी दिली तर ती ५० गिगाबिट झाली, आणि वर तुम्ही लावलेलं ९४० चं बंधन फक्त कागदावर राहिलं. क्रिकेटच्या मॅचला सगळे एकदम आले की लाईन तुंबते, पिंग शंभर-दोनशेवर जातो, आणि तुमच्या झाडाला त्यातलं काहीच थांबवता येत नाही.

नियम एवढाच की सगळ्यांच्या रेटची बेरीज पेरेंटच्या रेटच्या आत बसली पाहिजे. मी प्लॅनच्या दोन टक्के रेट धरतो. २० च्या प्लॅनला रेट ४०० केबिट, सील २० एमबिट. ५० ला रेट १ एमबिट, सील ५०. १०० ला रेट २ एमबिट, सील १००. समजा ६०० ग्राहक २० चे, ३०० ग्राहक ५० चे, १०० ग्राहक १०० चे, तर बेरीज २४० अधिक ३०० अधिक २०० म्हणजे ७४० एमबिट, ९४० मध्ये निवांत बसली. उरलेलं सगळं उसनं मिळतंच, दुपारी लाईन मोकळी असेल तर प्रत्येकाला पूर्ण सील मिळतो. आणि गर्दीत उसनवारीचं वाटप क्वांटमच्या (एका फेरीत पाठवायचे बाईट) प्रमाणात होतं, क्वांटम सांगितला नाही तर एचटीबी तो रेटवरनं काढतो, म्हणजे जास्त पैसे भरणाऱ्याला गर्दीतही जास्त वाटा आपोआप गेला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण जांबोटीकडच्या एखाद्या घरातली मुलगी ऑनलाईन फॉर्म भरत असेल आणि शेजारचा घरभर मोठे डाउनलोड लावून बसला असेल, तर तिच्या वाट्याचं तिला मिळालंच पाहिजे, ते नशिबावर सोडता येत नाही.

कर्नलच्या लॉगमध्ये क्वांटम बिग किंवा स्मॉल असा इशारा आला तर आरटूक्यू (एचटीबीचा भाजक) बघा. डिफॉल्ट १० आहे, म्हणजे रेटच्या बाईट्सला १० नं भागून क्वांटम निघतो, आणि तो १,००० च्या खाली किंवा २,००,००० च्या वर गेला की इशारा येतो. वरच्या आकड्यांत ४०० केबिटचा क्वांटम ५,००० येतो, ठीक आहे. पेरेंटसाठी इशारा आला तर सोडून द्या, तिथं क्वांटम वापरला जात नाही.

बर्स्ट आणि सीबर्स्ट (रेटवर आणि सीलवर एकदम सोडायच्या डेटाची मर्यादा) हातानं द्या, टीसी स्वतः काढतो तो आकडा फार लहान असतो आणि मग १०० चा प्लॅन ७०-८० वर अडकतो. सीबर्स्ट ६४ किलोबाईट दिला तर ५० एमबिटला ते साधारण १० मिलीसेकंदांचं होतं, एवढं चालतं. कार्डावरचं टीएसओ, जीएसओ, जीआरओ चालू असेल तर कर्नल छोटी पॅकेटं एकत्र करून ६४ किलोबाईटपर्यंतचा गठ्ठा एकदम देतो, लहान प्लॅनवर त्यानं झटके बसतात. सीपीयूला जागा असेल तर ईथटूल या कमांडनं ते बंद करून बघा.

प्रत्येक क्लासच्या टोकाला एफक्यू-कोडेल (कनेक्शनागणिक वेगळी उपरांग ठेवणारी पद्धत) लावायला विसरू नका, नाहीतर तिथं साधी रांग येते आणि एकाच घरात एकानं अपलोड लावलं की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकतो. हे कर्नल ३.५ पासून आहे, म्हणजे २०१२ पासून, कुठल्याही बॉक्सवर मिळेल. डिफॉल्टला १०२४ फ्लो (उपरांगा) आणि १०,२४० पॅकेटांची मर्यादा असते, हजार-दोन हजार क्लास असले की उगाच रॅम जाते, एका घराला फ्लो १२८ आणि लिमिट १००० पुरे.

राहिला डिफॉल्ट क्लास. त्यात राउटरचे स्वतःचे डीएनएसचे उत्तर, एआरपी (हा आयपी कुठल्या उपकरणाचा ते विचारणं), पिंग असलं सगळं जातंय. कुणीतरी सांगतं म्हणून याला ६४ केबिट वगैरे लावू नका. एआरपी अडला की ज्याचं लिमिट अगदी बरोबर आहे त्याचंही नेट बंद पडतं आणि कारण काही केल्या सापडत नाही. २० एमबिट रेट, १०० एमबिट सील द्या. आणि डिफॉल्ट दिलाच नाही तर ओळख न पटलेलं सगळं ट्रॅफिक कुठल्याही लिमिटशिवाय थेट जातं, टीसीच्या क्यूडिस्क (कार्डावरची रांगव्यवस्था) आकड्यांत डायरेक्ट पॅकेट्स स्टॅट म्हणून वाढताना दिसेल.

हे सगळे क्लास शेल स्क्रिप्टच्या लूपमधनं एकेक टीसी चालवून बनवू नका. आयपी आणि प्लॅन अशी दोन कॉलमची सीएसव्ही ठेवा, स्क्रिप्टनं तिच्यातनं एक फाईल तयार करायची, प्रत्येक ओळीवर एक कमांड पण सुरुवातीचा टीसी शब्द न लिहिता, आणि ती टीसीला बॅच म्हणून द्यायची. हजारो ओळी एका झटक्यात लागतात, बॉक्स रीस्टार्ट झाल्यावर लिमिट लागायला वेळ जात नाही.

एका उडीत शोधणं

एचटीबीची एक सोय फार थोड्यांना माहीत असते. पॅकेटच्या प्रायॉरिटी खान्यात थेट क्लासचा नंबर लिहिलेला असेल तर एचटीबी फिल्टर बघतच नाही, सरळ त्या क्लासमध्ये टाकतो. म्हणजे फिल्टर लावायचेच नाहीत, फक्त तो नंबर लिहायचा, आणि तेच काम एनएफटेबल्सचा मॅप करतो.

मॅपचा प्रकार डावीकडं आयपीव्ही४ पत्ता आणि उजवीकडं क्लासआयडी असा ठेवा. त्यात नोंदी घालायच्या, १०.२०.१.१२३ ला १:१७बी, असं सगळ्यांचं, तेही त्याच सीएसव्हीतनं. मग फॉरवर्ड चेनमध्ये, म्हणजे एका कार्डावरनं दुसरीकडं जाणारी पॅकेटं जिथनं जातात तिथं, दोनच नियम. जे पॅकेट लॅन कार्डातनं बाहेर पडणार त्याची मेटा प्रायॉरिटी डेस्टिनेशन पत्त्यावरनं मॅपमधनं सेट करायची, आणि जे वॅन (बाहेरच्या लाईनच्या) कार्डातनं बाहेर पडणार त्याची सोर्स पत्त्यावरनं. झालं. ग्राहक हजार असोत की वीस हजार, शोध हॅशमधनं होतो, खर्च जवळजवळ तेवढाच.

यात अपलोडही सुटला. एरवी अपलोडसाठी लोक आयएफबी नावाचं नकली कार्ड काढतात, कारण वॅनवर पोचेपर्यंत नॅट (घरचे पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) होऊन सगळ्यांचा सोर्स पत्ता एकच झालेला असतो. पण फॉरवर्ड चेनमध्ये जाताना नॅट अजून झालेलं नसतं आणि येताना उलटं नॅट होऊन गेलेलं असतं, म्हणजे दोन्ही दिशांना घरचा खरा आयपी दिसतो. आणि क्यूडिस्कचे हँडल प्रत्येक कार्डाचे वेगळे असल्यामुळं वॅनवरच्या एचटीबीलाही हँडल १: च द्या, क्लास नंबर तेच ठेवा, मग एकच मॅप दोन्हीकडं चालतो.

नियम प्रीराउटिंगमध्ये, म्हणजे रस्ता ठरायच्या आधीच्या चेनमध्ये, लिहू नका. पॅकेट फॉरवर्ड करताना कर्नल प्रायॉरिटीचा खाना पॅकेटच्या हेडरमधल्या टॉस (सेवेचा प्रकार) या खान्यावरनं पुन्हा लिहितो, तुमचा नंबर पुसला जातो आणि सगळं डिफॉल्टमध्ये पडतं. फॉरवर्ड किंवा त्याच्यानंतर पोस्टराउटिंग, एवढंच. तसंच फ्लोटेबल (एनएफटेबल्सचा जलद मार्ग) चालू असेल तर तो ओळखीची कनेक्शनं फॉरवर्ड चेनला वळसा घालून नेतो, तो बंद ठेवा.

मॅपमध्ये नसलेला आयपी डिफॉल्टमध्ये जातो आणि कुणी हातानं मोकळा आयपी टाकून फुकट चालवू शकतो, म्हणून त्याच फॉरवर्ड चेनमध्ये रेंजमधला पण मॅपमध्ये नसलेला पत्ता ड्रॉप करा, आणि डीएचसीपीमध्ये (आयपी वाटणारी सेवा) मॅकला, म्हणजे उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्याला, आयपी बांधून ठेवा.

ग्राहकानं प्लॅन बदलला तर टीसी क्लास चेंज एवढीच कमांड दोन्ही कार्डांवर, चालू डाउनलोड तुटत नाही. पूर्ण झाड पाडून परत उभं करायची सवय असेल तर ती सोडा, रांगेतली सगळ्यांची पॅकेटं जातात.

जुन्या कर्नलवर यू३२ चा हॅश

एनएफटेबल्स नसेल तर यू३२ मध्ये डिव्हायजर (कप्प्यांची संख्या) २५६ देऊन टेबल करा, हॅशकी मास्क शेवटच्या बाईटचा आणि ऑफसेट १६, कारण आयपी हेडरमध्ये डेस्टिनेशन पत्ता १६ व्या बाईटपासून सुरू होतो, सोर्ससाठी १२. मग १२३ नं संपणाऱ्या पत्त्याचा फिल्टर ७बी नंबरच्या कप्प्यात. २५६ च्या वर कप्पे मिळत नाहीत, म्हणून आपल्या /२२ साठी आधी तिसऱ्या आकड्यावर एक टेबल, त्यातनं चार टेबलांकडं लिंक, आणि त्या चारात शेवटच्या आकड्यावर. दोन उड्या, तरीही हजार तुलनांपुढं काहीच नाही. अपलोडला मात्र इथं आयएफबी लागेल, लॅनवर येणारं ट्रॅफिक टीसीच्या मिररेड या क्रियेनं तिकडं वळवायचं.

मायक्रोटिकवाल्यांसाठी

सगळ्यांचा प्लॅन तीन-चार प्रकारचाच असेल तर ग्राहकागणिक सिंपल क्यू (एकेकाची वेगळी रांग) कशाला? पीसीक्यू हा मायक्रोटिकचा रांगेचा प्रकार वापरा. प्रत्येक प्लॅनसाठी दोन क्यू टाईप, डाउनलोडचा क्लासिफायर डेस्टिनेशन ॲड्रेस, अपलोडचा सोर्स ॲड्रेस, पीसीक्यू रेट प्लॅनएवढा, आणि त्या प्लॅनचे आयपी एका ॲड्रेस लिस्टमध्ये, मँगलच्या नियमानं पॅकेटवर खूण करून क्यू ट्रीमध्ये. प्रत्येक आयपीची उपरांग तो स्वतः काढतो. फास्टट्रॅकचा (मायक्रोटिकचा जलद मार्ग) नियम चालू असेल तर ते ट्रॅफिक क्यूला टाळून जातं, लिमिट लागत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा हेच निघतं.

पीपीपीओई (ग्राहक युजरनेम-पासवर्डनं जोडला जातो ती पद्धत) चालवणाऱ्यांना यातलं थोडंच लागेल, ॲक्सेल-पीपीपी हा त्याचा सर्व्हर प्रत्येक सेशनला रेडियसनं (ग्राहकांची खाती ठेवणारा सर्व्हर) सांगितलेलं लिमिट स्वतः लावतो.

तपासणी

एका घराच्या आयपीवर लॅपटॉप लावा आणि बाहेरच्या सर्व्हरशी आयपर्फ३ (स्पीड मोजायचं साधन) रिव्हर्स मोडमध्ये, म्हणजे डाउनलोडच्या दिशेनं, चालवा, शेजारच्या खिडकीत पिंग चालू ठेवा. स्पीड प्लॅनच्या जरा खाली यावं आणि पिंग फार तर दहा-पंधरा मिलीसेकंदांनी वाढावा. स्पीड बरोबर पण पिंग दोनशे, तर टोकाला एफक्यू-कोडेल लागलेला नाही किंवा रांग वरच्या प्रोव्हायडरकडं लागतेय, पेरेंट ९४० वरनं ९०० करून बघा.

मग टीसीला आकड्यांसकट तो क्लास दाखवायला सांगा. सेंट वाढतंय का बघा, वाढत नसेल तर पॅकेट तिथं पोचतच नाही, मॅपची नोंद तपासा. ड्रॉप्ड थोडे वाढणारच, टीसीपीला वेग कमी कर हे त्यातनंच कळतं, घाबरायचं नाही. बॉरोड वाढत असेल तर तो ग्राहक हमीच्या वर उसनं घेऊन चालतोय, म्हणजे झाड बरोबर बसलंय.

खरी परीक्षा पावसाळ्यात. खानापूर तालुक्यात लाईट दोन तास जाऊन आली की सगळ्या घरांतले राउटर एकाच मिनिटात जागे होतात, प्रत्येक फोन फोटो वर चढवायला लागतो आणि टीव्ही अपडेट मागतात. तेव्हा टॉप उघडून बसा, एसआय कॉलम कुठं जातोय ते बघा. पूर्वी तिथं एक कोअर अडकत होता तो या पद्धतीत मोकळा दिसला पाहिजे.

तरीही एकच कोअर भरत असेल आणि लाईन १० गिगाबिटच्या दिशेनं चालली असेल तर मग शोधण्याचा प्रश्न राहिलेला नाही, एका कार्डाच्या एचटीबीला एकच कुलूप असतं आणि सगळे कोअर त्याच्यासाठी थांबतात. तिथं लिब्रेक्यूओएस बघा, मुक्त सॉफ्टवेअर आहे, एक्सडीपीनं (पॅकेट कार्डावरनं येताच हाताळायची कर्नलची सोय) ग्राहक वेगवेगळ्या कोअरवर वाटून प्रत्येक कोअरला वेगळा एचटीबी देतो आणि टोकाला केक (एफक्यू-कोडेलसारखीच रांगेची पद्धत) लावतो. बफरब्लोट (रांगा लांबून पिंग वाढणं) हटवण्यासाठी वर्षानुवर्षं राबलेले डेव्ह टॅट, २०२५ मध्ये गेले, त्यांचाही त्यात मोठा हात होता, आणि छोट्या ऑपरेटरांसाठी त्या माणसानं जे केलंय त्याची जाण आपल्यासारख्यांनी ठेवायला पाहिजे.

आयपीव्ही६ दिलं असेल तर एका घराला एक पत्ता नसतो, पूर्ण प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) असतो, म्हणून दुसरा मॅप आयपीव्ही६ चा करा, त्याला इंटरव्हल फ्लॅग द्या आणि घराचा /५६ किंवा /६४ त्याच क्लास नंबरला जोडा. असं केलं तरच ५० च्या प्लॅनमध्ये व्ही४ आणि व्ही६ मिळून ५० होतात, नाहीतर त्या घराचं लिमिट दुप्पट होऊन बसतं.

बूटच्या वेळी आधी टीसीची बॅच, मग एनएफटेबल्सची फाईल, मग फॉरवर्डिंग चालू, या क्रमानं सिस्टमडीची एकच सर्व्हिस करा. फॉरवर्डिंग आधी चालू झालं तर बॉक्स उठल्यावरची पहिली काही सेकंद सगळं गाव लिमिटशिवाय धावतं, आणि लाईट आल्यानंतरची तीच सेकंद सगळ्यात गर्दीची असतात.